दहा पॉइंट सहा

मंगलाच्या बोटातून रक्त येईना. मोरेश्वरने सुई नेहमीसारखीच टोचली होती, अनामिकेच्या टोकाला, जराशी कडेला. एरवी सुई निघायच्या आत थेंब फुगून वर येतो. आज टोचल्या जागी एक काळपट ठिपका दिसला आणि तिथंच थांबला. त्याने बोट चोळलं, मुळापासून वर दाबत आणलं. हात थंड होता. मे महिना, सकाळी दहालाच अंगाची लाही होत होती, आणि हा हात माठाखालच्या वाळूसारखा गार. चौथ्यांदा दाबल्यावर थेंब आला. जांभळट, जाड, बोटावरून ओघळायलाही नाखूश. तो त्याने काचेच्या बारीक नळीत खुणेपर्यंत ओढून घेतला आणि खाटेवरच्या बाईच्या तोंडाकडे न पाहता आपल्या खोलीत आला. तोंडाकडे न पाहता, कारण ती उर्मिलेची, म्हणजे त्याच्या बायकोची, मोठी बहीण होती, आणि एका रात्रीत तिचे डोळे खोल गेले होते, गालफडं वर आली होती, आणि एरवी उर्मिलेसारखी दिसणारी ती आज मुळीच तशी दिसत नव्हती.

पांढुर्ण्याला डॉक्टर रघुनाथरावांचं आठ खाटांचं खासगी रुग्णालय होतं. त्याच्या मागच्या अंगाला पत्र्याची एक खोली होती आणि त्या खोलीत मोरेश्वर अकरा वर्षं रक्त, लघवी आणि थुंकी तपासत आला होता. कामाला हात इतका सरावला होता की डोकं भलतीकडेच असायचं. रक्त आम्लात सोडायचं, ते तपकिरी व्हायची वाट पाहायची, मग थेंबाथेंबाने शुद्ध पाणी घालत शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळवत जायचं. रंग जुळला की नळीवरचा हिमोग्लोबिनचा आकडा वाचायचा. जितकं रक्त चांगलं तितकं पाणी जास्त लागतं. मंगलाच्या रक्ताला मार्चअखेर फार थोडं पाणी पुरलं होतं. आकडा होता सहा पॉइंट चार. एप्रिलच्या मध्यावर सात पॉइंट दोन. आज तो सातापाशी थांबून पाहू लागला तर रंग अजून काळाच. आठ. काळाच. काचेच्या काडीने ढवळलं, उजेडाकडे धरलं, आणखी थेंब घातले. नऊ झाले, दहा झाले, आणि मग कुठं दोन्ही रंग शेजारी शेजारी एकसारखे दिसले. दहा पॉइंट सहा. त्याला क्षणभर आनंदच झाला. तो आनंद त्याला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिला, कारण तो खरा होता.

मंगला सौसरला राहायची. नवरा शालिकराम तिथल्याच शाळेत गणित शिकवायचा, मुलगी प्रतिभा बावीस वर्षांची, शिक्षिकेच्या अभ्यासक्रमाला होती. मंगलाच्या गर्भाशयात गाठ होती आणि गेलं दीड वर्ष दर महिन्याला तिच्या अंगावरून इतकं जायचं की चार दिवस ती भिंत धरून चालायची. रघुनाथरावांनी पिशवी काढायची म्हटलं होतं, पण रक्त कमी. दहाच्या वर जाऊ द्या, मग हात लावतो, असं ते म्हणाले होते. नाहीतर दोन माणसं रक्त द्यायला तयार ठेवा. उर्मिलेने त्या दहाचा ध्यास घेतला होता. ताईला पालक धाडायचा, गूळ-शेंगदाणे धाडायचे, आणि मोरेश्वर संध्याकाळी घरी आला की चहाआधी तिचा प्रश्न ठरलेला: "ताईचं किती झालं जी?" जणू आकडा त्याच्या हातात होता आणि तोच मुद्दाम अडवून बसला होता. रविवारी मंगला बोरगावला एका लग्नाला गेली, तिथं टाक्याचं पाणी प्याली, आणि संध्याकाळपासून तिला ओकाऱ्या आणि जुलाब सुरू झाले. सोमवारी सकाळी शालिकरामने भाड्याच्या जीपमध्ये घालून तिला पांढुर्ण्याला आणलं तेव्हा तिला स्वतःचं नाव सांगायलाही दम नव्हता.

आकडा कागदावर लिहिला आणि मोरेश्वरचं पेन तिथंच थांबलं. नर्सने सलाईन लावताना मंगलाच्या शिरेतून काढून दिलेलं रक्त त्याने मघाशीच सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे हाताने फिरवायच्या यंत्रात, फिरवून ठेवलं होतं. त्यातली परीक्षानळी त्याने उचलली. खाली लाल गाळ बसतो आणि वर पिवळसर पाणी निवळतं. आज वरचं पाणी बोटाच्या पेराएवढंही नव्हतं. त्याने नळी परत ठेवली. नागपूरला तो ही विद्या शिकला तेव्हा केशवराव नावाचे एक म्हातारे शिक्षक होते, कायम तपकीर ओढायचे. ते म्हणाले होते, "जुलाब झालेल्या माणसाचं रक्त पाहताना डोकं शाबूत ठेवा रे. पाणी गेलं, पेशी होत्या तेवढ्याच राहिल्या. आंबील आटली म्हणून मडक्यातली ज्वारी वाढत नसते." वर्ग हसला होता. मोरेश्वर हसला नव्हता. त्याला त्या क्षणी मोहगावचं घर दिसलं होतं, ओसरीत जुलाबांनी बाजेवर पडलेली आई, आणि दाराशी लोटा घेऊन बसलेला नऊ वर्षांचा तो स्वतः. वडिलांनी सांगून ठेवलं होतं, पाणी द्यायचं नाही, पाणी दिलं की आणखी जातं. सारा गाव तेच सांगायचा. आई बोलायची बंद झाली होती, पण हाताने दाखवायची, आधी तोंडाकडे, मग लोट्याकडे. तिच्या हाताची चामडी त्याने चिमटीत धरून पाहिली होती. सोडली तरी ती तशीच उभी राहिली होती, कागदाची घडी राहते तशी. त्याने पाणी दिलं नाही. तो फार आज्ञाधारक पोर होता. सगळे तसंच म्हणायचे. दिवस मावळायच्या आत आई गेली, आणि त्यानंतर अकरा वर्षांनी केशवरावांनी आंबिलीचा दाखला देऊन त्याला सांगितलं की ती कशाने गेली.

म्हणजे मोरेश्वरला ठाऊक होतं. हे पुढे त्याने स्वतःशी पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं आणि दर वेळी उत्तर तेच आलं. सोमवारी सकाळी, पेन हातात असताना, त्याला ठाऊक होतं की हा आकडा खरा नाही. मंगलाचं रक्त वाढलेलं नाही, आटलेलं आहे. आकड्याखाली एक ओळ लिहायची होती. जुलाबामुळे रक्त दाट, सलाईननंतर पुन्हा पाहावं. अशी ओळ त्याने पूर्वी एकदा लिहिली होती. दोन वर्षांपूर्वी, एका कापूस व्यापाऱ्याच्या कागदावर. रघुनाथरावांनी त्याला बोलावून घेतलं होतं, तो व्यापारी, त्याचे दोन भाऊ आणि नर्स शकुबाई यांच्यासमोर, आणि कागद त्याच्या दिशेने सरकवत शांतपणे विचारलं होतं, "मोरेश्वर, इथं डॉक्टर कोण आहे?" तो कागदाकडे बघू लागला. "विचारतोय मी. डॉक्टर कोण?" "तुम्ही, साहेब." "मग आकडा लिहायचा. त्याचा अर्थ मी लावीन." व्यापाऱ्याचा एक भाऊ हसला होता. ते हसणं मोरेश्वरच्या कानात कितीतरी दिवस राहिलं. रस्त्याने जाताना कोणी मागून हसलं तरी त्याला वाटायचं ते आपल्यालाच. तेव्हापासून तो फक्त आकडे लिहायचा. सुवाच्य, स्वच्छ, खाली सही. आणि त्या कोरडेपणात त्याला एक बारीक सुखही मिळायला लागलं होतं: लावा म्हणावं अर्थ. सोमवारी त्याने दहा पॉइंट सहा लिहिलं, खाली सही केली आणि कागद शकुबाईच्या हाती दिला.

त्यात काही गैर नव्हतं, असं तो दुपारपर्यंत म्हणू शकत होता. जुलाबाचा पेशंट आहे हे डॉक्टरांना दिसतच होतं. सलाईन त्यांनीच लावली होती. चार दिवसांनी ते रक्त पुन्हा बघायला सांगतीलच. शिवाय दीड महिना लोहाच्या गोळ्या चालू होत्या, त्यांनी थोडं वाढलंही असेल. पण दुपारी रघुनाथराव खाटेशी उभे राहून कागद पाहत होते तेव्हा मोरेश्वर दारातून चालला होता आणि त्याने ऐकलं. "अरे वा, मास्तर, रक्त तर दहाच्या वर गेलं की. हे जुलाब आटोपले की आलीच आहे तर गुरुवारी करून टाकू. गुरुवारी भूल देणारे डॉक्टर नागपूरहून येतातच." शालिकरामच्या चेहऱ्यावरची सगळी आठी त्या एका वाक्याने उलगडली. तो दारापर्यंत येऊन मोरेश्वरचा हात धरून म्हणाला, "ऐकलं ना मोरेश्वरजी? दहाच्या वर गेलं म्हंते. आता कोणाचं रक्त घ्याचं काम नाई." मोरेश्वर म्हणाला, "हो." एवढंच. आणि मग दुसऱ्या पेशंटचा नमुना घ्यायला गेला, जिथं त्याची काही घाई नव्हती.

मंगळवारी मंगलात जीव आला. सात बाटल्या सलाईन गेली होती. डोळे वर आले, हात गरम झाले, तिने उर्मिलेशी भांडण काढलं की तू माझ्या केसांना तेल का लावलं नाहीस. उर्मिला रुग्णालयातून घरी आली ती हसतच आली. जेवताना ती म्हणाली, "गुरुवारी एकदाचं होऊन गेलं ना, तं मी मोहगावच्या देवाले पाच नारळ फोडीन." मोरेश्वरने भाकरीचा तुकडा मोडला आणि वरणात बुडवून तसाच धरून ठेवला. सांगायचं तर आता सांगायला हवं होतं. पण काय सांगणार? की आकडा खोटा आहे आणि मी तो लिहिला? मग ती विचारणार, खोटा तर लिहिला कशाला. आणि तो खोटा नव्हताच; नळीवर दहा पॉइंट सहाच दिसत होतं, कुणीही येऊन पाहावं. त्याला वाटलं, आपण वकिलासारखे बोलतो आहोत, आणि समोर कोणी न्यायाधीश नाही. "तुमाले आनंद नाई झाला का जी?" उर्मिलेने विचारलं. "झाला ना," तो म्हणाला. "ऊन लागल्यासारखं झालं आज."

बुधवारी दुपारी तो सुई, कापूस आणि नळी घेऊन मंगलाच्या खाटेपाशी गेला. कोणी सांगितलं नव्हतं. जाताना त्याने ठरवलं होतं की गुपचूप एक थेंब घ्यायचा, पाहायचा, आणि मग काय ते ठरवायचं. मंगला उशीला टेकून बसली होती. वॉर्डात तेव्हा दुसरं कोणी नव्हतं; पंखा कुरकुरत होता, खिडकीला वाळ्याचा ओला तट्ट्या लावलेला होता आणि त्यातून हिरवट उजेड आत येत होता. तिने वर पाहिलं तशी त्याला तिच्या खालच्या पापणीची आतली कड दिसली. ती पांढरी होती. गुलाबीचा पत्ताच नाही, सोललेल्या काकडीसारखी पांढरी. सोमवारी ती कड त्याने पाहिलीच नव्हती.

"या मोरेश्वरभाऊ," ती म्हणाली. "आणखीन टोचता का?"

"नाही ताई. सहज आलो होतो."

"एक गोष्ट विचारू का? खरं सांगा बरं." ती थोडी पुढे झुकली. "माह्यं रक्त खरंच वाढलं का? मले तं काई फरक नाई वाटून राहिला. आता संडासले जाऊन आली तं डोळ्यापुढं अंधारीच आली. सकाळी शकुबाईले म्हटलं तं ते म्हंते, जुलाबाची कमजोरी हाय."

त्याच्या मुठीत सुई होती. पंखा दोन वेळा कुरकुरून फिरला असेल, तेवढाच वेळ होता. पुढे कधी झोपेतून जागा झाला की त्याला तो वेळ फार मोठा वाटायचा, एक अख्खी दुपार, जिच्यात बसून माणसाला हवं ते बोलता आलं असतं. प्रत्यक्षात त्याच्या मनात काय आलं? पाहिलं तर कळेल, कळलं तर सांगावं लागेल, सांगितलं तर रघुनाथराव विचारतील की सोमवारी का नाही बोललास. तो व्यापाऱ्याचा भाऊ पुन्हा हसेल. गुरुवार हुकेल, उर्मिला रडेल, शालिकरामची आठी परत कपाळावर येईल, आणि हे सगळं त्याच्या तोंडून निघालेल्या एका वाक्याने होईल. बाईच्या जिवाचा विचार त्यात नव्हता असं नाही. पण तो शेवटी आला, आणि तोवर तोंडाने उत्तर देऊन टाकलं होतं.

"वाढलं ना ताई. दहाच्या वर आहे."

"तुमी पाह्यलं मंजे बरोबरच असन," मंगला म्हणाली आणि पुन्हा उशीला टेकली. "मले भेव वाटून राहिलं होतं बावा. आता नाई वाटत."

तो सुई तशीच घेऊन परत आला.

गुरुवारी सकाळी साडेआठला रघुनाथराव नळाखाली कोपरापर्यंत हात घासत उभे होते. आतल्या खोलीत मंगलाला टेबलावर घेतलं होतं. भूल देणारे डॉक्टर आपली पेटी उघडत होते. मोरेश्वर नळापाशी जाऊन उभा राहिला. त्याला आश्चर्य वाटलं की आपण इथवर आलो. "साहेब," तो म्हणाला, "हिमोग्लोबिन परत एकदा पाहू का?" रघुनाथरावांनी मान वळवली नाही. "कशाला? काही झालं का?" इथं ते वाक्य होतं, तयार, ओठांच्या आतल्या बाजूला. "नाही साहेब. सहज." "सोमवारीच तर पाहिलंस तू." "हो." "मग सहज कशाला? वेळ कुठे आहे आता?" त्यांनी कोपराने नळ बंद केला आणि हात वर धरून ते पाठीनेच दार ढकलून आत गेले. रघुनाथराव वाईट माणूस नव्हते. मोरेश्वरला हे पुढेही कबूल करावं लागलं. घाई असायची, चार खेड्यांतले पेशंट ओट्यावर बसलेले असायचे, आणि कागदावर आकडा स्वच्छ लिहिलेला होता.

साडेनऊच्या सुमाराला शकुबाई धावत आली. तिच्या हातमोज्यांवरचं रक्त फिकट होतं, लाल कापड धुतलेल्या पाण्यासारखं. "साहेबांनी बोलावलं, लवकर. गाठ चिकटून होती, रक्त थांबून नाई राहिलं. गट पाह्यचा हाय." त्याने मंगलाचा गट पाहिला, ओ. शालिकराम ओट्यावरून उठून बाही वर करून आत आला; चेहरा पांढराफटक, दात वाजत होते, पण हात पुढे केलेला होता. त्याचा गट निघाला बी. प्रतिभा सौसरहून निघालेली, अजून बसमध्ये होती. उर्मिला बी. नागपूरहून बाटली आणायची तर चार तास. मोरेश्वरला आपला गट पाहायची गरज नव्हती; तो ओच होता. तो बाकावर आडवा झाला आणि शकुबाईने त्याच्या दंडाला पट्टा बांधला. बाटली भरत असताना तो छताच्या पत्र्याकडे बघत होता. पत्रा तापून तडतडत होता. आपलं रक्त चांगलं आहे, साडेचौदा आहे, हे त्याला ठाऊक होतं आणि ते आठवल्याची त्याला लाज वाटली. मधेच आतून रघुनाथराव ओरडले, "हिमोग्लोबिन किती आहे बघा रे कोणी!" तो दंडाला कापूस दाबून उठला, शकुबाईने आणून दिलेला नमुना आम्लात सोडला. दहा मिनिटं वाट पाहायची असते. ती त्याने पाहिली नाही. पाण्याचे तीन-चार थेंब पडताच रंग काचेच्याही पलीकडे फिका झाला. चारच्याही खाली होतं. त्याने तो आकडा ओरडून सांगितला. त्याच्या बाटलीतलं अर्धं रक्त मंगलाच्या अंगात गेलं होतं तेव्हा तिचं हृदय थांबलं.

नंतर रघुनाथराव आपल्या खुर्चीत ऑपरेशनची टोपी न काढता बसले होते. त्यांनी मोरेश्वरला बोलावलं, आणि दोन वर्षांपूर्वीसारखाच कागद टेबलावर त्याच्याकडे सरकवला. "सोमवारी दहा पॉइंट सहा होतं ना?" "हो साहेब." "नक्की?" "नक्की." त्यांनी कागद उलटा करून पाहिला, जणू मागे काही लिहिलेलं असेल. मग सुलटा केला. "जुलाब होते," ते हळूच म्हणाले, आणि मोरेश्वरकडे बघत राहिले. मोरेश्वरला वाटलं, आता ते विचारतील. त्यांनी विचारावं, असंही त्याला वाटलं. पण विचारलं असतं तर त्यांनी स्वतःलाही विचारल्यासारखं झालं असतं. "जा तू घरी," ते म्हणाले. "रक्त दिलंय. काहीतरी खा." दोघांमध्ये ते तिथंच मिटलं, आणि दोघांनीही नंतर एकमेकांच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही.

पुढचे अकरा दिवस मोरेश्वर कामावर गेला. हात चालत होते. फक्त रंग जुळवताना त्याला खात्री वाटेनाशी झाली. एकच नमुना तो दोनदा, तीनदा पाहायचा, उजेडात, सावलीत, आणि तरी आकडा लिहिताना पेन अडायचं. घरी उर्मिला भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. कधी उठून म्हणायची, "तुमी रक्त देलं जी तिले. तुमी तं आपल्याकडून सारं केलं." आणि त्याचा दंड, जिथं सुई टोचली होती तिथं, हाताने चाचपायची. तिचा हात लागला की तो अंग चोरायचा. तिला वाटायचं दंड दुखतो.

तेरवीला ते दोघं सौसरला गेले. बसमध्ये उर्मिला खिडकीशी बसली होती. शालिकरामच्या घरी अंगणात मांडव घातला होता. पंगत उठल्यावर ओट्यावर म्हातारी मंडळी सुपारी कातरत बसली. त्यांच्यात मंगलाचे चुलतसासरे यशवंतराव होते, ते चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "साडू असावा तं असा. सख्खा भाऊ देत नाई, यानं आपल्या अंगचं रक्त काढून देलं." सगळ्यांनी माना हलवल्या. कोणीतरी मोरेश्वरच्या पाठीवर हात ठेवला. तो उठला. चप्पल न घालताच घरामागच्या आवारात गेला. तिथं शालिकराम संत्र्याच्या रिकाम्या पेट्यांवर एकटा बसला होता, डोकं भादरलेलं, सदऱ्याची बटणं उघडी.

"शालिकभाऊ," मोरेश्वर म्हणाला, "ताईचं रक्त वाढलं नव्हतं."

शालिकरामने वर पाहिलं.

"सोमवारचा आकडा जुलाबामुळे जास्त आला होता. अंगातलं पाणी गेलं की रक्त दाट होतं, आकडा फुगतो. खरं सात-साडेसातच असेल. मला सोमवारीच ठाऊक होतं. मी बोललो नाही." आवाज कापत नव्हता, याचंच त्याला नवल वाटलं. "ताईनं बुधवारी मला विचारलं होतं, खरंच वाढलं का म्हणून. मी हो म्हटलं."

शालिकरामने सदऱ्याचं एक बटण लावलं. मग त्याने आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. "डॉक्टरनं मले एप्रिलमधेच सांगतलं होतं," तो म्हणाला, "दोन माणसं तयार ठेवा. मी कोणाले विचारलंच नाई. मले सुईचं भेव वाटते, मोरेश्वरजी. लहानपणापासून. मंगलाले मी म्हणत गेलो, पाह्यतो, पाह्यतो. तो आकडा आयकला ना, तं मले पह्यल्यांदा काय वाटलं सांगू? की वाचलो बावा. मंगला नाई, मी." त्याने तोंडावरून हात फिरवला. "आता तुमी येऊन हे सांगून राहिले. मी काय करू याचं? तुमाले मारू? का डॉक्टरले? का सोतालेच?"

"ते मला माहीत नाही."

"मंग कायले सांगतलं?"

मोरेश्वरने मान वळवली. मागच्या दारात कोणीतरी होतं. प्रतिभा. हातात उष्ट्या पत्रावळींची टोपली, ती किती वेळ तशीच उभी होती कोण जाणे. तिने टोपली खाली ठेवली नाही. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादं गणित चुकलं आहे आणि कुठल्या पायरीला चुकलं ते तिला शोधायचं आहे, असा चेहरा होता.

"बुधवारी आईनं सोताहून विचारलं?" तिने विचारलं.

"हो."

"मंजे तिले समजून राहिलं होतं."

"हो. तिला समजत होतं."

प्रतिभाने डोळे मिटले आणि उघडले. शालिकराम "बाई, तू आत जा" म्हणाला, पण ती हलली नाही. "हे मावशीले ठाऊक हाय का, मावसाजी?"

"नाही."

"तिले अजून कोणीच नाई सांगतलं?"

"नाही."

"मंग तुमीच सांगा. आज. मी तुमच्याशी नंतर बोलीन, नाई तं नाई बोलणार, मले माईत नाई. पण ते सगळ्यायले तुमचं नाव घेऊन सांगून राहिली, सकाळपासून. ते मले नाई आयकल्या जात."

ती टोपली घेऊन त्याच्या बाजूने निघून गेली. मोरेश्वर आत आला. स्वयंपाकघरात बायका होत्या, त्या एकेक करून मांडवात पाहुण्यांना वाढायला गेल्या, आणि उर्मिला एकटी चुलीपुढे राहिली. दुसऱ्या पंगतीच्या पुऱ्या तळणं चाललं होतं. धुराने आणि रडण्याने तिचे डोळे सुजले होते. त्याला पाहून ती म्हणाली, "तुमी जेवले नाई का अजून? बसा, ताट वाढतो."

तो जमिनीवरच बसला. "कढई उतरव," तो म्हणाला.

"काऊन? पंगत बसून राहिली ना बाहेर."

"बसू दे. आधी उतरव."

तिने झारा तसाच हातात धरून त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग काही न विचारता तिने दोन्ही हातांनी सांडशी धरून कढई खाली उतरवली, चुलीतली लाकडं मागे ओढली, पदराला हात पुसले आणि त्याच्यासमोर बसली. त्याने सोमवारपासून सुरुवात केली.